वडिलांच्या डिस्चार्ज बुकात ७१ ची मेडल्स नाहीत. रेकॉर्ड दुरुस्त कसं करायचं?

माणदेशी_पोर

नमस्कार मंडळी. वडील १९८२ साली नायक म्हणून पेन्शनवर आले. ७१ च्या लढाईत त्यांची पलटण पूर्व आघाडीवर होती आणि डिसेंबरात तेही तिकडंच होते. पण डिस्चार्ज बुकात मेडल्सच्या रकान्यात तीनच नोंदी आहेत: सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल आणि ९ वर्षांच्या सेवेचं मेडल. 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीवर असलेल्यांचं मेडल) नाही, संग्राम मेडल (त्या युद्धकाळातल्या सेवेचं) नाही. त्यांच्याच कंपनीतले एक काका शेजारच्या गावात राहतात, त्यांच्याकडे दोन्ही आहेत.

पलटण आणि रेकॉर्ड ऑफिस कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. तिथं आज बसलेल्या माणसांचा यात काही दोष नाही. आम्ही "मेडल्स मिळावीत" असं पत्र टाकलं होतं. उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं, उपलब्ध नोंदीनुसार पात्रता दिसून येत नाही.

वडील म्हणतात, जाऊ दे. पण माजी सैनिकांच्या मेळाव्याला ते हल्ली जात नाहीत, आणि का जात नाहीत हे घरात कुणी विचारत नाही. पुढं काय करावं? कुणाचा अनुभव आहे का?

कृष्णाकाठ

बाजारात मिळतात की. दिल्ली कँटोन्मेंटच्या गोपीनाथ बाजारात मेडल्सचा अख्खा बार, म्हणजे छातीवर लावायची पट्टी, तयार करून देतात, रिबनसकट. पुण्यात कॅम्पातही मिळतील. चालू नोकरीतले फौजीसुद्धा तिथूनच घेतात, कारण सरकारी मेडल टांकसाळीतून यायला वर्षं लागतात. एवढा पत्रव्यवहार कशाला?

माणदेशी_पोर

घेता येतं, माहीत आहे. वडील लावणार नाहीत. "पुस्तकात नाही ते छातीवर नको" म्हणतात.

निवृत्त_सुभेदार_क्लर्क

तुमच्या वडिलांना माझा रामराम सांगा. माझी सगळी नोकरी कागदांत गेली, थोडं सविस्तर लिहितो.

बाजारातलं मेडल आणि सरकारी मेडल यांत फरक आहे. सरकारी मेडलवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. चालू नोकरीतला जवान बाजारातून घेतो तेव्हा त्याची नोंद आधीच झालेली असते, फक्त धातू यायचा बाकी असतो. तुमच्याकडे उलटं आहे. धातू उद्या मिळेल, नोंदच नाही. म्हणून "मेडल द्या" हे पत्र चुकीच्या टोकाला गेलं. तुमची मागणी आधी नोंदीबद्दल हवी.

फौजेत जवानाच्या बाबतीत जे काही घडतं ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं जातं. रजेवर गेला, रजेवरून हजर झाला, दवाखान्यात दाखल झाला, लग्न झालं, मूल झालं, बदली झाली, मेडल मिळालं, सगळं. युनिटचा क्लर्क ऑर्डर काढतो, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं त्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रात, नोंद चढते. डिस्चार्ज बुक अगदी शेवटी, घरी जाताना, शीट रोलवरून भरतात. म्हणजे तुमच्या हातात आहे ती नकलेची नक्कल. नोंद कुठल्याही पायरीवर गळू शकते. ऑर्डर निघालीच नाही, निघाली पण शीट रोलवर चढली नाही, किंवा चढली पण बुकात उतरवायची राहिली. या तिन्हींचा इलाज वेगळा आहे आणि नेमकं काय झालं हे कळल्याशिवाय अर्ज करणं म्हणजे अंधारात गोळीबार.

७१ च्या मेडल्सबाबत जे पुष्कळांचं झालं ते असं. लढाई डिसेंबरात संपली, पण ही मेडल्स काही त्याच महिन्यात वाटली नाहीत. ती जाहीर होऊन, याद्या बनून, मंजूर होऊन यायला वेळ गेला. तोवर कुणी दुसऱ्या बटालियनला गेला, कुणी एनसीसीत, कुणी सेंटरवर इन्स्ट्रक्टर म्हणून. जुनी पलटण म्हणते माणूस आमच्या नफरीत नाही, नवीन युनिट नाव टाकील. नवीन युनिट म्हणतं लढाई काही आमच्याकडं असताना झाली नाही. माणूस मधल्या मध्ये राहतो. ७२-७३ मध्ये वडिलांची बदली झाली होती का? आधी हे विचारा.

दुसरी गोष्ट नंबरची. आपल्या मराठा पलटणीत एका कंपनीत चार जाधव आणि तीन पाटील सहज सापडतात. म्हणून तर जवानाला नंबरच्या शेवटच्या आकड्यांनी हाक मारतात, सत्तावीस जाधव, एकोणनव्वद जाधव. यादी टाइप करताना दोन आकडे उलटे पडले की मेडल भलत्याच्या शीट रोलवर जातं. पत्रात नाव एकदा लिहा पण नंबर प्रत्येक पानावर लिहा.

माणदेशी_पोर

सर, खूप धन्यवाद. हो, ७२ च्या सुरुवातीलाच वडिलांची एनसीसी बटालियनला बदली झाली होती. आणखी एक. नोव्हेंबर ७१ मध्ये ते रजेवर गावी होते. तार आली म्हणून रजा अर्धवट टाकून परत गेले. नेमकी तारीख त्यांना आठवत नाही, "लढाई पेटली होती" एवढंच सांगतात.

निवृत्त_सुभेदार_क्लर्क

मग सगळं त्या तारखेवर आहे. रजेवरून हजर झाल्याची पार्ट टू ऑर्डर निघालेली असणारच, कारण रजेचा हिशेब पगाराशी जोडलेला असतो आणि पगाराच्या नोंदी मेडलपेक्षा फार काळजीनं ठेवल्या जातात! ती ऑर्डर शोधायची.

एक_शंका

पण पलटण तिथं होती म्हटल्यावर सगळ्यांनाच स्टार मिळायला हवा ना?

निवृत्त_सुभेदार_क्लर्क

नाही, आणि इथंच बहुतेक अर्ज आपटतात. स्टार माणूस त्या काळात प्रत्यक्ष कुठं होता यावर ठरतो. उदाहरण देतो. १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, ७१ ला जमालपूरला लढली. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी पलटणीनं घेरा फोडून निघायचा प्रयत्न केला आणि ती मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली. रेजिमेंटच्या नावावर "जमालपूर" हा युद्धसन्मान त्यातूनच आला. आता त्याच पलटणीचा एखादा हवालदार तेव्हा बेळगावला सेंटरवर रंगरूट घडवत असेल, तर युद्धसन्मान त्याच्याही पलटणीचा, पण पूर्वी स्टार त्याचा नाही.

पूर्वी स्टारचा काळ ३ ते १६ डिसेंबर १९७१ आहे आणि तो पूर्व आघाडीपुरता. पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. संग्राम मेडलचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा लांब आहे आणि त्यात काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, बंगाल, आसाम असा मोठा टापू येतो. म्हणून असेही लोक आहेत ज्यांना संग्राम आहे पण स्टार नाही, आणि ते बरोबरच आहे. दोन्हींची मागणी एकाच वाक्यात करू नका. एक नाकारलं की दुसरंही त्याच शिक्क्याखाली जातं.

सावंतवाडीचा

माझ्या आजोबांचं प्रकरण गोव्याचं. ६१ च्या ऑपरेशन विजयमध्ये ते होते. काकांनी हौसेनं "ऑप विजय स्टार मिळावा" असा अर्ज केला आणि अर्थातच परत आला, कारण ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल ही १९९९ च्या कारगिलची आहेत. कारवाईचं नाव दोन्ही वेळा विजयच होतं, त्यामुळे हा घोटाळा. गोव्यासाठी १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल आहे आणि त्याच्या रिबनवर "गोवा १९६१" अशी पट्टी. आजोबांकडं मेडल होतं, नागा हिल्सच्या पट्टीसकट, फक्त गोव्याची पट्टी नोंदवली नव्हती. मेडल एकच, पट्ट्या वेगवेगळ्या. तुमच्या वडिलांच्या सैन्य सेवा मेडललाही अशा पट्ट्या असतात, जम्मू-काश्मीर, हिमालय, बंगाल-आसाम वगैरे. त्या तपासल्यात का? एवीतेवी अर्ज करताय तर तेही बघून घ्या.

फायदा_काय

कुणाला वाईट वाटेल, पण विचारतो. यातून पैसे मिळतात का? घरपट्टी माफ होते का?

वकिली_बाणा

स्टार आणि संग्राम मेडलवर पैसे नाहीत. रोख रक्कम आणि भत्ते शौर्य पदकांना आहेत, म्हणजे परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक चक्राची मालिका, सेना मेडल वगैरे. त्यांची नोंद भारताच्या राजपत्रात छापलेली असते, त्यामुळे ती हरवली तरी शोधण्याची वाट निराळी आणि सोपी. घरपट्टीची सवलत राज्यात माजी सैनिक म्हणूनच आहे, मोहिमेचं मेडल बघून मिळत नाही.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा. लढाईत जखमी झालेल्यांना जखमेचं मेडल मिळतं, पूर्वीचं नाव पराक्रम पदक. ते १९७३ साली सुरू झालं पण १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या जखमांना लागू आहे. हे नोंदीत नसेल तर बहुतेक वेळा "बॅटल कॅज्युअल्टी" (लढाईत जखमी) ही नोंदही नसते, आणि ती असली तर वॉर इंजुरी पेन्शनचा प्रश्न उभा राहतो. तिथं मात्र रक्कम खरी असते. वडिलांना काही लागलं होतं का?

माणदेशी_पोर

नाही, सुदैवानं ओरखडाही नाही.

वकिली_बाणा

उत्तम. मग माहिती अधिकाराबद्दल लिहितो, कारण धाग्यावर कुणीतरी "आरटीआय टाका, झक मारत देतील" म्हणणारच आहे.

आरटीआयनं कागद मिळतो, दुरुस्ती मिळत नाही. "माझ्या वडिलांना मेडल का दिलं नाही" हा प्रश्न आरटीआयमध्ये विचारलात तर ही माहितीच नव्हे असं उत्तर येईल. मागायचं असं: अमुक नंबरच्या जवानाच्या शीट रोलमधील मेडल्सच्या पानाची प्रत, नोव्हेंबर १९७१ ते डिसेंबर १९७२ या काळातील रजा, हजेरी आणि बदलीच्या पार्ट टू ऑर्डरचे उतारे, मेडल्सबाबत प्रसिद्ध झालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरचे क्रमांक व तारखा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांची मुदत, नाही आलं तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. वडील हयात आहेत, तेव्हा अर्ज त्यांच्याच सहीनं जाऊ द्या. मुलाच्या नावानं गेला की "त्रयस्थाची वैयक्तिक माहिती" म्हणून अडतो.

खरी दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसचे प्रभारी अधिकारीच करतात. ते नाही म्हणाले, किंवा उत्तरच देत नाहीत, तर पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण. कायदा २००७ चा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत जायचं असतं आणि आधी खात्यातले मार्ग वापरलेले दाखवावे लागतात. पन्नास वर्षांनी का आलात हा पहिला प्रश्न असतो. विलंब माफीचा अर्ज सोबत हवा, आणि त्यात "मी खेडेगावात राहतो" एवढं पुरत नाही. तुमच्याकडे आलेली ती एका ओळीची नकाराची चिठ्ठी जपून ठेवा, पाकिटासकट. पाकिटावरचा शिक्का तारखेचा पुरावा आहे.

न्यू_जर्सीकर

इथे अमेरिकेत माझे शेजारी व्हिएतनाम युद्धातले माजी सैनिक. त्यांचा सगळा जीव डीडी-२१४ नावाच्या एका डिस्चार्जच्या कागदात. त्यात मेडल राहिलं तर दुरुस्तीसाठी वेगळी मंडळं आहेत आणि त्यांचा छापील फॉर्म आहे, डीडी-१४९. पण सेंट लुईसला १९७३ मध्ये जिथे हे रेकॉर्ड ठेवतात तिथे आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त फायली जळाल्या. जुन्या लोकांना आता पगाराच्या पावत्या आणि दवाखान्याचे कागद जोडून सेवा सिद्ध करावी लागते. म्हणजे कागदांचं रडगाणं सगळीकडे आहे.

कृष्णाकाठ

बघा, तिकडं आग लागली म्हणून गेलं, इकडं आग न लागताच!

वारणेची_लेक

हसू नका, आमच्याकडं खरंच कागद गेले. माझे आजोबा पेन्शन होण्याआधीच घरच्या अडचणीमुळं नाव काढून आले. आजीसाठी अर्ज केला तर कळलं की पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनंतर नियमानुसार नष्ट करता येतात. उरतो तो लाँग रोल, त्यात नंबर, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख. मेडल्सचं काहीच नाही. आजोबांचं डिस्चार्ज बुक पत्र्याच्या पेटीत होतं म्हणून निभावलं. उलट रेकॉर्डवाल्यांनीच त्याची सत्यप्रत मागून घेतली.

माणदेशी दादा, तुमचे वडील पेन्शनवर आहेत म्हणजे त्यांचा शीट रोल असणार. ही मोठी जमेची बाजू आहे. आणि सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांना भेटा, ते स्वतः माजी सैनिक असतात. आम्ही थेट टपालानं टाकलेला अर्ज कुठं गेला देव जाणे. त्यांच्या कार्यालयाच्या पत्रासोबत गेलेल्या अर्जाला मात्र नोंदणी क्रमांक पडला.

एक_शंका

स्पर्श पोर्टलवर लॉगिन करून दुरुस्ती होत नाही का? तिथं प्रोफाइल अपडेट आहे.

निवृत्त_सुभेदार_क्लर्क

स्पर्श पेन्शनचं आहे. तिथं बँक, पत्ता, जोडीदाराचं नाव, जन्मतारीख बघतात. मेडल तिथं चढवायची सोय नाही, आणि स्पर्शवर काही बदललं म्हणून शीट रोल आपोआप बदलत नाही. उलट एक तपासा. स्पर्शवरचं नावाचं स्पेलिंग आणि डिस्चार्ज बुकातलं सारखं आहे का? नसेल तर मेडलच्या अर्जाला आधी नावाचा फाटा फुटतो.

जुनी_पलटण

साक्षीचा उपयोग होतो का हो? त्यांच्या कंपनीतले काका आहेत म्हणालात. माझ्या मते कंपनी कमांडर हयात असतील तर त्यांचं पत्र आणावं. अधिकाऱ्यांच्या संघटना आहेत, पलटणीचे स्थापनादिन असतात, तिथं पत्ते मिळतात. पलटणीचा छापील इतिहास असेल तर त्यातली पानं जोडा. आणि २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धाच्या नोंदी खुल्या करण्याचं धोरण आणलंय, त्यात वॉर डायऱ्याही येतात.

निवृत्त_सुभेदार_क्लर्क

वॉर डायरीत पलटण कुठं होती ते सापडेल, नायकाचं नाव सापडणार नाही. पलटण तिथं होती हे कुणी नाकारतच नाही. काकांचं प्रतिज्ञापत्र जोडा, पण आधार म्हणून. त्यात "आम्ही शौर्यानं लढलो" नको. अमुक तारखेला अमुक ठिकाणी हा माणूस माझ्या सेक्शनमध्ये होता, एवढंच. काकांचा नंबर आणि त्यांच्या स्वतःच्या पूर्वी स्टारच्या नोंदीची प्रत सोबत. त्यांच्या मेडलच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्याच ऑर्डरच्या यादीत तुमच्या वडिलांचं नाव, किंवा एका आकड्यानं चुकलेला नंबर, दिसू शकतो.

माणदेशी_पोर

मंडळी, मधे बरेच दिवस गेले, पण काम हललंय म्हणून लिहितो.

आरटीआयला उत्तर आलं, तीन पानं. संग्राम मेडलची पार्ट टू ऑर्डर निघाली होती! १९७४ ची आहे, एनसीसी बटालियनमध्ये असताना निघालेली, नंबर बरोबर, नाव बरोबर. शीट रोलच्या पानावर ती चढलेली नाही. म्हणजे सरांनी सांगितलेला मधला प्रकार. रजेवरून हजर झाल्याची नोंद ७ डिसेंबर १९७१ ची आहे. पूर्वी स्टारबद्दल कुठलीच ऑर्डर नाही.

वडिलांना तारीख दाखवली. म्हणाले, "सात म्हणजे पलटणीत पोचलो ती. त्याआधी दोन रात्री गाडीत आणि एक ट्रकमधी." मग बराच वेळ त्या गाडीबद्दल बोलत राहिले, जेवण कुठं मिळालं, कुठल्या स्टेशनवर बायकांनी पुऱ्या आणून दिल्या. इतकं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

आता काकांच्या स्टारच्या ऑर्डरचा क्रमांक काढतोय. पुढचं पत्र कसं लिहू?

निवृत्त_सुभेदार_क्लर्क

शाब्बास. दोन पत्रं लिहा, एकाच पाकिटात नको.

पहिलं संग्रामचं. त्यात विनंती फक्त इतकी: अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या प्रसिद्ध पार्ट टू ऑर्डरची नोंद शीट रोलवर घेण्यात यावी, तसं लेखी कळवावं आणि डिस्चार्ज बुकात पृष्ठांकन करून द्यावं. इथं कुणाला निर्णय घ्यायचाच नाही, राहिलेलं काम पुरं करायचंय. मूळ डिस्चार्ज बुक टपालानं पाठवू नका. मागितलंच तर कल्याण कार्यालयामार्फत, पोच घेऊन, आणि त्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स, कोरी पानंसुद्धा.

दुसरं पूर्वी स्टारचं. यात पात्रता दाखवायची आहे. ७ डिसेंबरची हजेरी, पलटणीचं तेव्हाचं ठिकाण, काकांच्या ऑर्डरचा क्रमांक, प्रतिज्ञापत्र. आणि आधीच्या एका ओळीच्या नकाराचा संदर्भ देऊन लिहा की तो नकार देताना ही हजेरीची नोंद पाहिली गेल्याचं दिसत नाही, तरी फेरविचार व्हावा. भाषा नम्र ठेवा. तो क्लर्क ७१ मध्ये जन्मलेलाही नसेल.

धातूची मागणी दोन्हींत करू नका. नोंद झाल्यावर मेडल देण्याचा वेगळा अर्ज असतो.

वकिली_बाणा

दुसऱ्या पत्राला जे उत्तर येईल ते "विचारपूर्वक दिलेला आदेश" असेल. नकार आला तर सहा महिन्यांचा प्रश्न त्या तारखेपासून येईल, जुन्या चिठ्ठीपासून नाही असा युक्तिवाद करता येईल. त्यासाठी पत्रात कारणांसह निर्णय कळवावा अशी विनंती जरूर टाका. आणि उत्तर आलं की इथं लिहा, न्यायाधिकरणाचा मसुदा मी बघून देईन, फी नको.

सावंतवाडीचा

आमची गोव्याची पट्टी लागली त्याला वर्ष झालं, सांगायचं राहिलं. आजोबा नाहीत, आजी विजय दिवसाला स्मारकावर लावून गेली होती. मेडल कुठल्या बाजूला लावायचं यावरून घरात वाद झाला. फौजी स्वतः डावीकडे लावतो, घरचे लावतात ते उजवीकडे.

माणदेशी_पोर

वकीलसाहेब, सर, दोन्ही पत्रांचे मसुदे उद्या संध्याकाळपर्यंत इथं टाकतो, नंबर झाकून. एक विचारायचं राहिलं, अर्ज मराठीत चालेल का? वडिलांना स्वतःच्या हातानं लिहायचाय.

निवृत्त_सुभेदार_क्लर्क

हिंदीत लिहू द्या, फौजेत तीच लिहीत होते. सोबत इंग्रजीत टाइप केलेली प्रत जोडा म्हणजे अडणार नाही. सहीखाली नंबर, रँक, नाव, याच क्रमानं.